चार आण्यांचा टर्बो, बारा आण्यांचा मसाला

मोटारींच्या हौशी मंडळींत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘गाडीला टर्बो बसवायला किती खर्च येतो?’ प्रश्न साधा आहे. उत्तर तितके साधे नाही. गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा तो धातूचा गोळा अमेरिकेच्या बाजारात अनोळखी छापाचा घेतला तर दोनशे डॉलरच्या आसपासही मिळतो आणि नामांकित कंपनीचा घेतला तर हजार डॉलरच्या घरात जातो. विचारणाऱ्याला हा आकडा ऐकून हुरूप येतो. मात्र हा आकडा टर्बोचा असतो, टर्बो बसवण्याचा नव्हे. या दोन्हींतील फरक कळेपर्यंत अनेकांचे इंजिन निकामी झालेले असते.

टर्बो हा शब्द आता भारतीय ग्राहकालाही नवा राहिलेला नाही. डिझेल गाड्यांत तो पूर्वीपासून होता. २०१७ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनसारख्या गाड्यांनी १.२ लिटरच्या छोट्या पेट्रोल इंजिनावरही तो रुळवला. या गाड्यांत पिस्टन, झडपा, शीतकरण, इंधनपुरवठा हे सारे टर्बो गृहीत धरूनच आखलेले असते. ज्या गाडीच्या अभियंत्यांनी असा काही विचारच केलेला नव्हता, तिच्यावर मागाहून टर्बो चढवणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. हा छंद अमेरिकेत आणि जपानमध्ये चांगलाच फोफावला आणि त्याची सर्वांत जास्त प्रयोग झालेली प्रयोगशाळा म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५, अर्थात अमेरिकनांची लाडकी ‘मियाता’.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी प्रथम दिसली. वजन जेमतेम एक टन, चाकांना गती मागून, इंजिन १.६ लिटरचे आणि ताकद अमेरिकी आवृत्तीत ११६ अश्वशक्ती. वळणावर ही गाडी अशी काही वळते की चालवणारा खूष होतो. सरळ रस्त्यावर मात्र शेजारून एखादी साधी कुटुंबवत्सल गाडी पुढे निघून जाते. एप्रिल २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या, सुटे भाग मुबलक होते, बोनेटखाली जागाही बऱ्यापैकी होती. साहजिकच ताकदीची ती एकमेव उणीव टर्बोने भरून काढण्याचा मोह हजारोंना झाला.

विस्मरणात गेलेली बाटली

टर्बोचे तत्त्व शंभर वर्षांहून जुने आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा ओढून दाबायची आणि ती सिलिंडरमध्ये कोंबायची. हवा जास्त म्हणजे जाळता येणारे इंधन जास्त आणि म्हणून ताकद जास्त. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याचे एक टोक लालबुंद होईल इतक्या उष्णतेत असते.

प्रवासी मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतच. त्या वर्षी आलेल्या दोन गाड्यांपैकी ओल्ड्समोबील जेटफायर ही आजच्या हौशी मंडळींनी आवर्जून अभ्यासावी अशी आहे. तिचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतके चढे होते. त्यावर टर्बोचा दाब दिला तर इंधन अवेळी पेट घेणार, हे कंपनीला ठाऊक होते. म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली होती. त्या मिश्रणाची टाकी गाडीमालकाने वेळोवेळी भरायची होती. मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी आपण होऊन दाब कमी करी आणि मालक ‘गाडी ओढत नाही’ म्हणून तक्रार घेऊन विक्रेत्याकडे जात. १९६३ मध्ये ती गाडी बंद झाली. टर्बोत दोष असा नव्हताच. त्याला सांभाळून घेणारी व्यवस्था ग्राहकाच्या अंगवळणी पडली नाही. मागाहून टर्बो बसवणाऱ्यांच्या अडचणी आजही नेमक्या याच जातीच्या असतात.

आधी आकडा, मग वस्तू

बहुतेक जण खरेदीची सुरुवात टर्बोपासून करतात. ती करायला हवी आकड्यापासून, म्हणजे शेवटी किती अश्वशक्ती हवी आहे इथून. ११६ अश्वशक्तीच्या मियाताकडून १८० मागितल्या, तर काय काय बदलावे लागते ते पाहू. हा आकडा हवेतून काढलेला नाही. खुद्द माझदाने २००४ आणि २००५ या वर्षांत कारखान्यातूनच टर्बो बसवलेली ‘माझदास्पीड’ आवृत्ती विकली. तिची ताकद १७८ अश्वशक्ती होती. तिचे इंजिन मुळात १.८ लिटरचे, १४२ अश्वशक्तीचे. म्हणजे सारी यंत्रसामग्री, प्रयोगशाळा आणि अभियंते हाताशी असलेल्या कंपनीनेही जेमतेम चतुर्थांश वाढ घेतली आणि तेवढ्यासाठीही इंटरकूलर, मजबूत क्लच आणि वेगळे सस्पेन्शन दिले. घरच्या गॅरेजमध्ये दुप्पट ताकदीची स्वप्ने पाहणाऱ्याने हा संयम ध्यानात घेण्याजोगा आहे.

१८० अश्वशक्तीसाठी १.६ लिटरच्या या इंजिनाला वातावरणाच्या सुमारे १.६५ पट दाबाची हवा लागेल. वायू दाबला की तापतो, हे सायकलच्या पंपाने हवा भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असेल आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर या दाबाला हवा सुमारे ९६ अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे दाब ६५ टक्क्यांनी वाढला तरी सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष जाणारी हवा ३५ टक्क्यांनीच वाढते. आता मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेला थंड करणारा रेडिएटर, बसवला आणि त्याने वाढलेल्या उष्णतेपैकी ७० टक्के काढून घेतली, तर हवा ५० अंशांवर येते आणि तीच वाढ ५५ टक्क्यांवर जाते. ११६ ची दीडपटीहून थोडी अधिक, म्हणजे १८०. इंटरकूलर ही चैनीची वस्तू मानून ‘पुढल्या वर्षी बघू’ म्हणणारे लोक दाब पूर्ण मोजतात आणि त्याचे फळ मात्र अर्धेमुर्धे घेतात. वर इंजिन तापवतात ते वेगळेच.

टर्बोची निवडही याच आकड्यावरून होते. १८० अश्वशक्तीसाठी मिनिटाला साधारण साडेआठ किलो हवा लागते, आकारमानाने सात हजार लिटरहून जास्त. प्रत्येक नामांकित उत्पादक आपल्या टर्बोचा नकाशा प्रसिद्ध करतो. किती दाबाला किती हवा तो कार्यक्षमतेने देऊ शकेल, हे त्यावर समोच्च रेषांसारखे आखलेले असते. आपला बिंदू त्या नकाशाच्या मध्यभागी पडावा, इतकेच पाहायचे. फार मोठा टर्बो घेतला तर तो फिरू लागेपर्यंत चढ संपतो; फार लहान घेतला तर तो वरच्या फेऱ्यांना हवा दाबण्याऐवजी नुसतीच तापवतो. स्वस्त, अनोळखी छापाच्या टर्बोची खरी अडचण अशी की बहुधा त्याचा असा नकाशाच नसतो.

इंधनाचे गणित

सर्वांत जास्त इंजिने निकामी होतात ती इंधनाच्या बाबतीत कंजुषी केल्यामुळे. टर्बोवर चालणारे पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला पाव किलो इंधन खाते असे धरू. १८० अश्वशक्तीला ४५ किलो. चार सिलिंडरांत विभागले तर प्रत्येकी सव्वाअकरा किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे २५० घनसेंटिमीटर. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवता येत नाही. त्याला वीस टक्के उसंत ठेवली तर तो निदान ३२० घनसेंटिमीटर क्षमतेचा हवा. १.६ लिटरच्या मूळ इंजेक्टरची क्षमता दोनशेच्या थोडी वर आहे. म्हणजे इंजेक्टर बदलणे हा आवडीनिवडीचा प्रश्न उरतच नाही.

१९९० च्या दशकात यावर एक स्वस्त तोडगा प्रचारात होता. इंजेक्टर तेच ठेवायचे आणि टर्बोचा दाब चढेल तसा इंधनाचा दाब चढवणारा नियामक बसवायचा. कमी दाबाला हा तोडगा चालतो. पण इंजेक्टरमधून येणारे इंधन दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हवा दीडपटीहून जास्त, शिवाय टर्बोवर मिश्रण अधिक दाट ठेवावे लागते; असे मिळून पावणेदोनपट इंधन हवे असेल, तर इंधनाचा दाब तिप्पट करावा लागेल. मूळ पंप त्या दाबाविरुद्ध दमून जातो आणि नेमक्या ज्या क्षणी इंधनाची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी पुरवठा तुटतो. म्हणून इंजेक्टरबरोबर टाकीतला पंपही बदलावा लागतो. हा पंप तुलनेने स्वस्त असतो, तरीही तोच सर्वांत जास्त वेळा यादीतून वगळला जातो.

मोठे इंजेक्टर आले की गाडीचा मूळ संगणक गोंधळतो. १९९३ पर्यंतच्या मियातात हवा मोजण्यासाठी नळीत एक स्प्रिंगची झापडी आहे. हवेच्या झोताने ती उघडते आणि किती उघडली त्यावरून संगणक इंधन ठरवतो. टर्बोच्या झोताने ती पूर्ण उघडली की त्यापुढे कितीही हवा आली तरी संगणकाच्या लेखी ती तेवढीच. त्याला वाढीव हवा दिसतच नाही, मग तो इंधन कोठून देणार? यावरचा खरा उपाय म्हणजे दाब मोजणारा, हवे तसे कोष्टक भरता येणारा नवा संगणक. पूर्वी अशा संगणकाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी २००१ च्या सुमारास ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा, घरी डाग देऊन जोडता येणारा संच उपलब्ध करून दिला आणि हे चित्र पालटले. मियाताच्या टर्बोचा छंद मध्यमवर्गीय झाला त्याचे बरेचसे श्रेय या संचाला आहे.

संगणक घेतला तरी त्याला डोळे हवेत. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर मिश्रण दाट की विरळ एवढेच सांगतो. किती विरळ ते सांगत नाही. त्यासाठी ‘वाइडबँड’ प्रकारचा सेन्सर आणि त्याचे मीटर लागते, साधारण दोनशे डॉलरचे. साध्या चालीत एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण ठीक असते. टर्बो भरात असताना ते साडेअकरा ते बाराच्या दरम्यान राखावे लागते, कारण जादा इंधन सिलिंडरला आतून थंड ठेवते. हे प्रमाण बिघडले आणि त्यातच ठिणगी थोडी लवकर पडली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. जुन्या स्कूटरवर चढावात ऐकू येणारा खडखडाट हा त्याचाच सौम्य प्रकार. टर्बोच्या इंजिनात तो सौम्य राहत नाही. पिस्टनच्या कड्यांमधल्या भिंती फुटायला काही क्षण पुरतात, आणि एक्झॉस्टच्या आवाजात चालवणाऱ्याला बहुधा ऐकूही येत नाही. मीटरवरचा आकडा मात्र दिसतो. दोनशे डॉलरचा हा खर्च टाळून घेतलेला टर्बो म्हणजे डोळे मिटून घाट उतरणे आहे.

चौथ्या सिलिंडरची कैफियत

उष्णतेच्या बाबतीत या गाडीची एक खोड आहे, आणि ती सुट्या भागांच्या कुठल्याही आकर्षक जाहिरातीत ठळकपणे सांगितली जात नाही. हे इंजिन मूळचे माझदाच्या पुढील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातले. तिथे ते आडवे बसे आणि थंडाव्याचे पाणी एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. मियातात ते उभे बसवताना पाण्याची येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वाटा पुढच्याच बाजूला आल्या. परिणामी मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरपर्यंत पाणी पुरेसे खेळत नाही. ११६ अश्वशक्तीला ही उणीव जाणवत नाही. टर्बोची उष्णता वाढली, गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर अर्धा तास पळवली, की ती प्रकट होते. पाणी मागच्या टोकाने बाहेर काढून रेडिएटरकडे नेणारी फेरजोडणी करता येते. अमेरिकी मंडळी तिला ‘कूलंट रीरूट’ म्हणतात. खर्च दीडशे ते तीनशे डॉलर. जोडीला जाड गाभ्याचा रेडिएटर घ्यावा. जुना मूळ रेडिएटर तीस वर्षांचा झालेला असतो आणि त्याच्या प्लास्टिकच्या टाक्या ठिसूळ झालेल्या असतात.

तेलाची व्यवस्थाही अशीच आडबाजूला राहते. टर्बोच्या दांड्याला इंजिनाचेच तेल लागते. येणारे तेल दाबाने येते, परत जाणारे केवळ उतारावरून. परतीची नळी जाड हवी, सतत उताराची हवी आणि तळाशी ती तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. ती तुंबली की तेल दांड्याच्या सीलमधून वाट काढते आणि गाडी निळा धूर ओकू लागते. मग मालक टर्बो खराब निघाला म्हणून विक्रेत्याशी भांडतो. या जोडणीसाठी तेलाच्या तळपात्राला भोक पाडून आटे पाडावे लागतात. तळपात्र खाली उतरवायचे तर इंजिन उचलावे लागते, म्हणून अनेक जण ते जागेवरच, ड्रिलला ग्रीस लावून पाडतात आणि कीस आत पडणार नाही अशी आशा करतात. क्लच बदलण्यासाठी किंवा अन्य कारणाने इंजिन बाहेर येणारच असेल, तर हे काम त्याच वेळी उरकणे शहाणपणाचे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचेही असेच. पातळ नळ्यांचे चकचकीत मॅनिफोल्ड स्वस्तात मिळते, दिसतेही देखणे. मात्र टर्बोचे वजन आणि तापण्या-निवण्याचा ताण सोसता सोसता ते जोडांवर तडकते. ओबडधोबड ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड दिसायला कुरूप असले तरी वर्षानुवर्षे टिकते. ट्रॅकवर पळवणाऱ्यांना तर टर्बोला धरून ठेवणारे आट्याचे दांडेही पुरत नाहीत. ते सैल होतात, तुटतात. त्यासाठी इन्कोनेल या उष्णतारोधक मिश्रधातूचे दांडे घेतले जातात, आणि मूठभर दांड्यांसाठी इतके पैसे का, हा प्रश्न पहिल्यांदा तुटल्यानंतर कोणी विचारत नाही.

ताकद निर्माण झाली तरी ती चाकांपर्यंत पोहोचायला हवी. १.६ लिटरच्या गाडीतला क्लच २०० मिलिमीटर व्यासाचा आहे. टर्बोचा जोर आला की तो घसरू लागतो. त्याजागी १.८ लिटरच्या गाडीचे फ्लायव्हील आणि २१५ मिलिमीटरचा मजबूत क्लच बसतो, आणि बहुतेक जण तेच करतात. मागचा डिफरन्शियल हा १९९३ पर्यंतच्या गाड्यांचा खरा कच्चा दुवा; १९९४ पासून माझदाने तो मोठा आणि दणकट केला. जुन्या गाडीत हा मोठा डिफरन्शियल घालता येतो, पण त्याबरोबर त्याचे दांडेही बदलावे लागतात. १८० अश्वशक्तीला आणि सभ्यपणे चालवल्यास जुना निभावून नेतो. सिग्नलवरून चाके जाळत निघण्याची हौस असल्यास त्याचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

हिशेबाची वही

आता बेरीज मांडू. किमती ढोबळ आहेत, काम मालक स्वतः करणार असे गृहीत आहे आणि गाडीची किंमत यात नाही. चांगल्या नावाचा टर्बो ९५० डॉलर. मॅनिफोल्ड आणि त्याखालचा जाड एक्झॉस्ट पाइप मिळून ९५०. इंटरकूलर व त्याच्या नळ्या ५००. संगणक १,०००. इंजेक्टर आणि पंप ४५०. वाइडबँड मीटर २००. क्लच ४५०. पाण्याची फेरजोडणी व रेडिएटर ५००. तेल-पाण्याच्या नळ्या, गास्केटे, दांडे, क्लॅम्प अशी किरकोळ म्हणवणारी पण कधीच किरकोळ न निघणारी यादी ३५०. शेवटी डायनोवर गाडी चढवून जाणकाराकडून संगणकाची कोष्टके बसवून घेणे ५००. एकूण ५,८५० डॉलर. अडीअडचणीला पंधरा टक्के, म्हणजे सुमारे ९०० धरले की आकडा ६,७५० वर जातो. ज्या वस्तूच्या नावाने हा सारा खटाटोप, तिचा वाटा मूळ बेरजेच्या एक षष्ठांशही भरत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण इथे अगदी चपखल बसते. फरक इतकाच की इथे मसाला कमी पडला तर कोंबडी बेचव होत नाही, स्वयंपाकघरच पेटते.

काटकसर करायला जागा आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी. इंटरकूलर दुसऱ्या एखाद्या टर्बो गाडीचा, वापरलेला, आतून नीट धुतलेला चालतो. नळ्या साध्या ॲल्युमिनियमच्या चालतात. त्यांना चमक देण्याचे पैसे वाचवावेत. इंजेक्टर वापरलेले घेऊन स्वच्छ व मोजून घेतलेले चालतात. थ्रॉटल सोडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज करणारा व्हॉल्व्ह हा तर निव्वळ शोभेचा खर्च, आणि झापडीचा हवामापक तसाच ठेवला असेल तर तो घातकही. कारण मोजून झालेली हवा बाहेर सोडल्यावर संगणक तिच्या हिशेबाचे इंधन देऊन बसतो. संगणक, मीटर, पंप आणि डायनोवरचे काम या चार ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नये.

सारे पैसे एकदम नसतील तर क्रम महत्त्वाचा. प्रथम गाडी आहे तशी निरोगी आहे ना, हे पाहावे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर टर्बोचा विचार तिथेच थांबवावा. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची खाच झिजण्याचा दोष प्रसिद्ध आहे, तेही तपासावे. मग संगणक आणि वाइडबँड मीटर टर्बोविनाच बसवून गाडी काही महिने चालवावी. या काळात मालकाला आपले कोष्टक वाचता येऊ लागते आणि चूक झाली तरी इंजिन सहसा ती पोटात घालते. त्यानंतर क्लच, पाण्याची फेरजोडणी, पंप. टर्बो सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात याच्या नेमके उलट घडते. टर्बो आधी येतो, तो खोक्यातून काढून टेबलावर ठेवला जातो, आणि मग धीर धरवत नाही.

पहिल्यांदा चालू करताना इंधन आणि ठिणगी तोडून, नुसता स्टार्टर फिरवून टर्बोत तेल पोहोचू द्यावे. पहिले काही दिवस दाब कमीत कमी ठेवावा, शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे आटे पुन्हा आवळावेत. स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचे घ्यावेत आणि त्यांची फट कमी करावी. दाट हवेत ठिणगी उडी मारायला कचरते आणि गाडी ऐन जोरात असताना अडखळते. अनेकांनी या अडखळण्यावर नवे इग्निशन कॉइल घेतले आहेत आणि दोष निघाला आहे तो प्लगच्या फटीत.

परवानगीचा प्रश्न

खर्चाच्या यादीत कायदा दिसत नाही, पण तो असतो. कॅलिफोर्नियात इंजिनाच्या धुरावर परिणाम करू शकणाऱ्या प्रत्येक जोडणीला तिथल्या हवा संसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. गाडीची धूरतपासणी साधारणपणे दर दोन वर्षांनी होते, आणि तीत नळीतून काय बाहेर पडते एवढेच नव्हे, तर बोनेटखाली काय बसवले आहे हेही पाहिले जाते. मंजुरी नसलेला टर्बो कितीही स्वच्छ चालत असला तरी गाडी नापास होते. केंद्रीय क्लीन एअर ॲक्टही प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रणा काढून टाकायला मनाई करतो. म्हणून सुटे भाग जमवण्यापूर्वी आपल्या राज्याचे नियम पाहणे हा खरेदीचाच भाग ठरतो. मंजूर संच महाग वाटला तरी तो पुन्हा पुन्हा उतरवून ठेवावा लागत नाही.

भारतात हा दरवाजा जवळजवळ बंद आहे. मियाता इथे अधिकृतपणे विकलीच गेली नाही. पण मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत अन्य गाड्यांवर असे प्रयोग करण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचलेले बरे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्वाळा दिला. अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्याचे निमित्त मिळते, ते निराळेच. इंधनाच्या आकड्यांतही गफलत होते. कॅलिफोर्नियातल्या पंपावर लिहिलेले ९१ ऑक्टेन आणि आपल्याकडे पूर्वी मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचे ९१ ऑक्टेन हे एक नव्हते. अमेरिकेतला आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, आपला त्यांपैकी चढा आकडा देणाऱ्या एकाच चाचणीचा. तिथले ९१ आपल्या हिशेबाने ९५ च्या आसपास भरते, आणि तिथल्या गाडीसाठी बसवलेले ठिणगीचे कोष्टक इथल्या त्या ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर जसेच्या तसे चालवले असते तर नॉकिंग झालेच असते.